"चालताय की तुम्ही!"

सकाळी नऊच्या सुमाराला मला पाहणाऱ्याला मी आजारी वाटणार नाही. कोथरूडमधल्या आमच्या इमारतीतून मी खाली उतरते, शेजारच्यांशी दोन शब्द बोलते, गाडी काढते आणि जाते. सलवारीच्या आत डाव्या पायाला तळव्यापासून पोटरीपर्यंत प्लास्टिकचा स्प्लिंट बांधलेला असतो, तो कुणाला दिसत नाही. एप्रिल-मेच्या उन्हात दुपारी एकला हीच मी शंभरएक पावलं चालले की डावं पाऊल जमिनीवरून सुटेनासं होतं. बुटाचं टोक फरशीला घासायला लागतं, गुडघा मागे जातो, आणि मग कठडा, खांब, अनोळखी माणसाचा खांदा, जे हाताला लागेल ते धरून उभं राहावं लागतं.

मला मल्टिपल स्क्लेरोसिस आहे. या आजारात आपलीच प्रतिकारशक्ती मेंदू आणि मज्जारज्जूतल्या तंतूंवरचं मायलिनचं आवरण खाते, वायरीवरचं प्लास्टिक सोलून निघावं तसं. आवरण गेलेल्या तंतूतून संदेश जातो, पण जेमतेम. शरीराचं तापमान अर्ध्या अंशाने वाढलं तरी तो जेमतेम जाणारा संदेशही अडतो. विल्हेल्म उहथॉफ या जर्मन नेत्रतज्ज्ञाने १८९० मध्ये हे पहिल्यांदा नोंदवलं. त्याच्या रुग्णांना श्रम झाले की धूसर दिसायचं आणि विश्रांतीनंतर पुन्हा नीट दिसायचं. माझ्या बाबतीत हे डोळ्यांऐवजी पायांत होतं. एसीत वीस मिनिटं बसले की पाय परत येतात. त्यामुळे मला सकाळी पाहणारा आणि दुपारी पाहणारा यांचं माझ्याबद्दल एकमत होणं कठीण आहे, आणि खोटं दोघांपैकी कुणीच बोलत नसतं.

फिजिओथेरपीसाठी मी शहरातल्या एका मोठ्या खासगी रुग्णालयात जाते. तिथे दारापाशी व्हीलचेअरची खूण रंगवलेल्या दोन जागा आहेत. गेल्या उन्हाळ्यात त्यातल्या एकीत गाडी लावून उतरले, तर सुरक्षारक्षक धावत आला.

"मॅडम, गाडी पुढे घ्या. ही अपंगांची जागा आहे."

"माहीत आहे दादा. म्हणूनच लावली."

"चालताय की तुम्ही!"

मी पर्समधून अपंगत्वाचं सरकारी कार्ड काढलं. त्याने आधी कार्डावरचा फोटो पाहिला, मग माझा चेहरा, मग माझे पाय, आणि मग पुन्हा कार्ड. तेवढ्यात मागच्या गाडीतले एक गृहस्थ काच खाली करून सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "धडधाकट माणसं अशा जागा अडवतात, म्हणून बिचाऱ्या खऱ्या अपंगांचे हाल होतात." त्यांना वाटत होतं, आपण माझ्यासारख्यांचीच बाजू घेतोय. गोष्ट इतकी उलटी होती की माझ्या तोंडून उत्तर फुटलं नाही.

दीड तासाने बाहेर आले तेव्हा शेजारच्या दुसऱ्या जागेत एक पांढरी मोठी गाडी उभी होती. ड्रायव्हर आत, इंजिन चालू, पार्किंगचे दिवे लुकलुकताहेत. रक्षकाला विचारलं, तर म्हणाला, "साहेबांची आहे. पाच मिनिटांत निघतील." साहेब कोण ते मला माहीत नाही, त्याला त्यांनी कार्ड दाखवलं होतं का, तेही माहीत नाही. पण त्यांना कुणी विचारलंही नव्हतं, एवढं रक्षकाने स्वतःच सांगितलं.

माझा त्या रक्षकावर राग नाही. बारा-बारा तास उन्हात उभा असतो. जागा मोकळी ठेव एवढंच त्याला सांगितलेलं असतं. कुणासाठी, कशावरून ओळखायचं, हे कुणीच शिकवलेलं नसतं. मग तो डोळ्यांवर भरवसा ठेवतो. डोळ्यांना दिसते ती गाडीची किंमत, उतरणाऱ्याचे कपडे, आणि रंगवलेल्या खुणेतली चाकाची खुर्ची. ती खूण १९६८ मध्ये सुझान कोफोड या डॅनिश विद्यार्थिनीने काढली. तिच्या मूळ चित्रात नुसती खुर्ची होती. वरचं डोकं नंतर कार्ल मोंतान यांनी लावलं. खूण जगभर गेली आणि उपयोगीही पडली. पण खाली खुर्ची रंगवलेली असली की माणसं वर खुर्चीच शोधतात.

आता या जागेत माणसांशिवाय काय काय उभं असतं ते सांगते. कुंड्या. पाण्याचे रिकामे जार. जनरेटरच्या डिझेलचे कॅन. "फरशी ओली आहे" ही पाटी, फरशी कोरडी असताना. जेवण पोहोचवणाऱ्या मुलांच्या दुचाकी, आणि त्या नेमक्या जागेच्या कडेला रंगवलेल्या तिरप्या पट्ट्यांवर. त्या पट्ट्या शोभेच्या नसतात. साधी गाडी लावायला अडीच मीटर रुंदी पुरते. व्हीलचेअर वापरणाऱ्याच्या जागेला नियम ३.६ मीटर रुंदी आणि ५ मीटर लांबी सांगतो, आणि दारापासून ३० मीटरच्या आत. वरचा मीटरभर असतो तो दार पूर्ण उघडायला, खुर्ची गाडीला भिडवायला आणि सीटवरून खुर्चीत सरकायला. तिथे एक स्कूटर लागली, तर गाडीतल्या माणसाला बाहेर पडता येत नाही. आणि बाहेर असलेल्याला आत जाता येत नाही, म्हणजे कामं उरकून परत आलेला माणूस आपल्याच गाडीबाहेर अडकतो. "मी तुमच्या जागेत नाही लावली, बाजूला लावलीये" असं सांगणाऱ्या मुलांना मी हे थांबवून समजावते. बहुतेकांना खरंच ठाऊक नसतं. ऐकतात आणि गाडी काढतात.

याहून मोठा वैताग साखळीचा. जागा कुणी बळकावू नये म्हणून तिच्यापुढे साखळी लावतात, नाहीतर सिमेंट भरलेला डबा ठेवतात. हेतू चांगला आहे. पण जो एकटा गाडी चालवत येतो, त्याने ती साखळी काढायची कशी? त्यासाठी उतरायला हवं, आणि उतरायलाच ती जागा हवी. हॉर्न वाजवत रक्षकाची वाट पाहायची, एवढंच उरतं. मग मागच्या गाड्या हॉर्न देतात आणि आपण सगळ्यांच्या मध्ये, उगाच रस्ता अडवणारे.

आमच्या ओळखीत एक दादा आहेत. लहानपणी पोलिओ झाला, दोन्ही पायांना कॅलिपर, मागे दोन जादा चाकं लावलेली स्कूटर चालवतात. महाराष्ट्रात गावोगावी अपंग माणसाचं वाहन म्हणजे चारचाकी नव्हे, अशी साइड व्हीलवाली स्कूटरच. पण राखीव जागा आखली जाते चारचाकीसाठी. दादांना रक्षक सांगतो, "टू-व्हीलर खाली बेसमेंटला." बेसमेंटचा उतार वळणाचा, खाली स्कूटरी हँडलला हँडल लावून उभ्या, आणि दादांची गाडी दोन स्कूटरींएवढी रुंद. ती त्या रांगेत बसत नाही. बसवली तरी कुबड्या घेऊन उतरायला कडेला जागा नाही, आणि लिफ्ट बेसमेंटपर्यंत येईलच असं नाही. दादा वरच्या राखीव जागेत लावतात, तेव्हा येणारे-जाणारे म्हणतात, एवढ्या मोठ्या जागेत स्कूटर कशाला? कॅलिपर घातलेल्या, कुबड्या हातात असलेल्या माणसाला हे ऐकावं लागतं. म्हणजे अपंगत्व दिसत नाही म्हणून बोलणी खाणारी मी, आणि दिसत असूनही बोलणी खाणारे ते.

दादांशी बोलताना एक गोष्ट माझ्या ध्यानात आली, ती इथे मांडते, कारण तिच्यावर फारसं कुणी बोलत नाही. आम्हा सगळ्यांना हवं असलेलं एक नाही. मला अंतर कमी हवं. जागा अरुंद असली तरी चालेल, दार अर्धं उघडलं तरी मी निघते. माझ्या एका व्हीलचेअरवाल्या मैत्रिणीचं उलट. तिला सपाट रस्ता असेल तर साठ-सत्तर मीटर खुर्ची ढकलणं जड नाही. रुंदीशिवाय मात्र तिचं अडतं. नियम दोन्ही गरजा एकाच चौकोनात कोंबतो आणि असे चौकोन दोनच आखतो. त्यामुळे दोन्ही जागा रिकाम्या असतील तर मी पट्ट्यांची जागा तिच्यासारखीला सोडते आणि भिंतीकडची घेते. दाराजवळ साध्याच रुंदीच्या आणखी तीन-चार जागा वयस्कर आणि कमी चालू शकणाऱ्यांसाठी ठेवल्या, तर निम्मी भांडणं मिटतील. त्याला बांधकाम लागत नाही, रंगाचा एक डबा लागतो.

कायद्याचं थोडं सांगते, मला ते शिकावं लागलं म्हणून. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ चा. १९९५ च्या जुन्या कायद्यात सात प्रकार होते, नव्यात २१ झाले. मल्टिपल स्क्लेरोसिस आणि पार्किन्सन्स त्या यादीत नव्याने आले. ४० टक्के किंवा त्याहून जास्त अपंगत्व असेल तर बहुतेक सवलती. माझ्या कार्डावर ५० टक्के लिहिलंय. याच कायद्याचं ९१ वं कलम खोटेपणाने सवलत लाटणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड सांगतं, किंवा दोन्ही. आणि ९२ वं कलम म्हणतं की चारचौघांत अपंग व्यक्तीचा हेतुपुरस्सर अपमान करणाऱ्याला, तिला धमकावणाऱ्याला सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत कैद. काच खाली करणाऱ्या गृहस्थांवर मी काही खटला भरणार नाही, त्यांचा हेतू तो नव्हताच. पण रस्त्यात हाताला धरून "पायजमा वर करा, बघू" म्हणणारे लोक असतात असं मी ऐकलंय, दादांच्या एका मित्राला तसं ऐकावं लागलंय. त्यांना हे कलम माहीत असायला हवं.

आठ नोव्हेंबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने राजीव रतुरी खटल्यात सांगितलं की सुगमतेचे, म्हणजे अपंगांना जागा सहज वापरता याव्यात यासाठीचे नियम सरकारने बंधनकारक करायला हवेत, नुसती मार्गदर्शक तत्त्वं चालणार नाहीत. हा निकाल मी दोनदा वाचला. रतुरी स्वतः अंध आहेत आणि त्यांची याचिका २००५ ची. एवढा काळ कुणीतरी हे लढत होतं, हे कळल्यावर रुग्णालयाला चार ओळींचं पत्र लिहायचा आळस करणं मला बरं वाटेना.

पण यादीबद्दल माझी तक्रार आहेच. आमच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर एक काकू राहतात. हृदय कमजोर झालंय, पाय सुजतात, दहा-बारा पायऱ्या चढल्या की ओठ निळसर होतात. त्यांना आडवं झोपता येत नाही, उशा लावून बसूनच झोपतात. माझ्यापेक्षा त्यांना दाराजवळची जागा जास्त हवी. पण हृदयविकार त्या २१ मध्ये नाही, फुप्फुसाचा जुनाट आजारही नाही. काकूंना कार्ड मिळणार नाही. कार्ड दाखवा म्हणणारा नियम मीच मागते आणि त्या नियमाने काकू बाहेर राहतात, हे मला टोचतं. आजाराच्या नावावरून ठरवलं की असं होणारच. किती चालू शकता, चालल्यावर काय होतं, हे विचारलं तर काकू पहिल्या रांगेत असतील.

माझी मावसबहीण इंग्लंडमध्ये लेस्टरला असते. तिच्या सासूबाईंकडे तिथला निळा बिल्ला आहे. तो माणसाच्या नावावर मिळतो, गाडीच्या नाही. सासूबाई मुलाच्या गाडीत असोत की शेजाऱ्याच्या, बिल्ला काचेमागे ठेवायचा आणि परतताना सोबत न्यायचा. त्या गाडीत नसतील तेव्हा तो वापरला, तर एक हजार पौंडांपर्यंत दंड. ३० ऑगस्ट २०१९ पासून इंग्लंडमध्ये बाहेरून न दिसणाऱ्या आजारांसाठीही तो मिळू लागला. तिथेही लोक कधीमधी डोळे वटारतात, असं बहीण सांगते. पण वाद झाला तर बोट दाखवायला काचेमागे काहीतरी असतं. आपल्याकडे २०२० पासून गाडीच्या नोंदणीत मालक दिव्यांग असल्याची नोंद करता येते, पण ती आरसी पुस्तकात. माझं कार्ड पर्समध्ये. गाडीजवळून जाणाऱ्याला यातलं काहीच दिसत नाही. आणि भाच्याच्या गाडीतून, रिक्षातून, टॅक्सीतून येणारी जी असंख्य अपंग माणसं आहेत, त्यांच्यासाठी गाडीवर कसलीच खूण नसते. रस्त्यातल्या अनोळखी माणसाने मला पाहून निवाडा करावा असं मला वाटत नसेल, तर त्याच्यासमोर निवाडा झालेला आहे हे दाखवणारा कागद हवा. महानगरपालिकेने हे सरकारी यूडीआयडी (दिव्यांग ओळख) कार्ड पाहून काचेवर ठेवायचा पास दिला, तर काम होईल. आम्ही काही जणांनी मिळून तसा अर्ज दिला आहे.

लोक विचारतात, खोटी सर्टिफिकेटं घेतलेल्यांचं काय? घेतात, हे खरं आहे. पण खोटं सर्टिफिकेट पकडायचं काम पार्किंगमध्ये होत नाही. ते जिथे दिलं गेलं त्या वैद्यकीय मंडळाकडे होतं. माझ्या पायांकडे बघून ते कुणाला पकडता येणार नाही. मेंदूचे एमआरआय आणि पाठीतल्या पाण्याची तपासणी करून डॉक्टरांना जे ठरवायला कितीतरी महिने लागले, ते फाटकावर तीस सेकंदांत कसं ठरेल?

सोसायटीच्या वार्षिक सभेत मी लिफ्टशेजारची स्टिल्टमधली, म्हणजे इमारतीखालच्या खांबांमधली जागा मागितली, तेव्हा हाच प्रश्न वेगळ्या रूपात आला. आमच्याकडे पार्किंग चिठ्ठ्या टाकून ठरतं आणि ती जागा दुसऱ्या एका कुटुंबाला लागली होती. ते अदलाबदलीला तयार होते. अडवलं तिसऱ्यानेच: "उद्या सगळ्यांनी सर्टिफिकेट आणलं तर?" सभेत जरा शांतता झाली. मग तिसऱ्या मजल्यावरच्या काकूच बोलल्या, बसल्या जागेवरून, मध्ये श्वास घेत: "आणू देत की. आणतील तितक्या जागा लिफ्टजवळ करू. म्हातारपण काय चिठ्ठी टाकून येतं?" ठराव झाला. काकूंच्या मुलालाही जवळची जागा मिळाली, कार्ड न बघता, कारण बावीस घरांच्या सोसायटीत काकूंची अवस्था सगळ्यांना ठाऊक आहे. शहरात ती ओळख नसते म्हणून तिथे कागद लागतो.

रुग्णालयाला मी पत्र दिलं. तक्रार म्हणून नाही, कामांची यादी म्हणून. साखळी काढा, रक्षक नसेल त्या वेळीही जागा वापरता यायला हवी. पट्ट्यांवर दोन ठोकळे बसवा, म्हणजे स्कूटर शिरणार नाही आणि खुर्ची जाईल. साइड व्हीलच्या गाडीला वर घ्या. रक्षकाने एकच विचारावं, "कार्ड किंवा डॉक्टरांची चिठ्ठी आहे का?", आणि ते साहेबांनाही विचारावं. चिठ्ठी असेल तर पुढचा प्रश्न नाही. चिठ्ठीचा मुद्दा काकूंसाठी घातला. ओपीडीतल्या डॉक्टरांनी आपल्याच पेशंटला "जास्त चालू शकत नाही" असं लिहून द्यायला सरकारी यादी आड येत नाही.

प्रशासनातल्या बाईंनी बोलावून घेतलं, चहा दिला आणि माझ्याबरोबर खाली येऊन जागा मोजली. रुंदी ३.६ ऐवजी तीन मीटरही भरेना. साखळी त्याच आठवड्यात गेली. ठोकळे अजून यायचेत. चिठ्ठीचं त्यांनी मान्य केलं, काकू मागच्या तपासणीला ती घेऊन गेल्या आणि दारापाशी उतरल्या. रुंदी वाढवायची तर शेजारची डॉक्टरांची जागा जाते, तिथे गाडं अडलंय. त्या पत्राचा मसुदा माझ्याकडे टाइप केलेला आहे, मराठीत, नियमांच्या मापांसकट. आपल्या रुग्णालयाला, बँकेला, नाट्यगृहाला द्यायचा असेल त्याने घेऊन जावा. नाव बदलायचं आणि टेप घेऊन स्वतः जागा मोजायची, एवढंच काम आहे.